धर्म सांगायचा, पण लादायचा नाही: रेव्हरंड टिळकांच्या घरातल्या पाच वर्षांची गोष्ट

१८९३ चा सुमार. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या रेल्वेत तिशी ओलांडलेला एक मराठी कवी बसला होता. डब्यात एक युरोपीय गृहस्थही होता. इंग्रजांच्या राज्यात गोऱ्या साहेबाच्या शेजारी बसायचं म्हणजे देशी माणसाला अपमानाची तयारी ठेवावी लागायची. पण या गृहस्थाने सरकून जागा करून दिली आणि आपुलकीने बोलायला सुरुवात केली.

गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या आणि हळूहळू धर्माकडे वळल्या. शेवटी त्या गृहस्थाने बायबलमधल्या 'नव्या करारा'ची एक प्रत कवीच्या हातात ठेवली. वाचून पाहा, एवढीच विनंती केली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. पण वाद घातला नाही, पत्ता मागितला नाही, पाठपुरावा केला नाही. त्या माणसाचं नाव त्या कवीला पुढे कधीच कळलं नाही.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. 'केवढे हे क्रौर्य!' ही ज्यांची कविता मराठी शाळांमधून पिढ्यानपिढ्या शिकवली गेली, तेच रेव्हरंड टिळक. भाकीत खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण ही गोष्ट फक्त टिळकांच्या धर्मांतराची नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षं नवऱ्याचा धर्म स्वीकारला नाही. त्या पाच वर्षांत टिळकांच्या घरात जे घडलं, त्यातून एका प्रश्नाचं उत्तर मिळतं. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावीशी वाटली, तर ती कशी सांगायची?

आज धर्म हा शब्द आला की मोबाईलवर भांडण ठरलेलंच. एकीकडे 'सक्तीचं धर्मांतर' म्हणून फिरणारे व्हिडिओ, दुसरीकडे प्रार्थनेने सगळे आजार बरे होतील असं सांगणारी रील्स. म्हणून या विषयाचा इतिहास, ख्रिस्ती धर्मग्रंथाची भूमिका आणि कायदा, तिन्ही नीट समजून घेऊया.

शिरूर कासारच्या शेजारी घडलेली गोष्ट

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून पाथर्डी ओलांडून पश्चिमेला गेलं की नगर लागतं. आजचं अहिल्यानगर. बाजार, दवाखाना, नातीगोती यांसाठी या पट्ट्यातल्या लोकांचं तिकडे जाणं-येणं नेहमीचंच. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन भागांच्या मध्ये राज्याची सीमा होती. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. शाळा निघाल्या. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. पुढे धर्मशिक्षण देणारी संस्थाही उभी राहिली. निजामाच्या मराठवाड्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. बीड जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती तेव्हाही थोडी होती आणि आजही थोडीच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी होती.

याच नगरमध्ये टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला.

ख्रिस्ती होण्यापूर्वीचे टिळक

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणं चित्पावन ब्राह्मण. नाशिकला संस्कृत शिकले. कविता, कीर्तन, व्याख्यानं यात रमणारा, एका जागी फार न टिकणारा माणूस. देव एक आहे, सगळी माणसं भावंडं आहेत, जातिभेद जायला हवा, असे विचार त्यांच्या मनात आधीपासूनच घोळत होते. स्वतःच एक नवा धर्म काढावा, असंही त्यांना वाटत होतं.

रेल्वेत मिळालेलं पुस्तक त्यांना सुरुवातीला फारसं आवडलं नाही. पण वाचतो म्हणून शब्द दिला होता, म्हणून ते वाचत राहिले. मग येशूचं डोंगरावरील प्रवचन आलं. शत्रूवर प्रेम करा, वाईटाची फेड वाईटाने करू नका, असं सांगणारा तो भाग त्यांच्या हातून सुटेना.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टिळकांना वादात कोणी हरवलं नव्हतं. एका अनोळखी माणसाने त्यांना सन्मानाने वागवलं, एक पुस्तक दिलं आणि पुढचा निर्णय त्यांच्यावर सोडला.

टिळकांची चूक आणि त्याची किंमत

बाप्तिस्मा घेण्याचा निर्णय टिळकांनी घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंना बातमी कळली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांचा मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा.

त्या काळात याचा अर्थ काय होता, हे आज पटकन ध्यानात येत नाही. नवरा जातीबाहेर गेला म्हणजे बायको सवाष्ण असूनही जणू विधवा. नवऱ्याकडे जावं तर माहेर तुटतं. माहेरी राहावं तर संसार तुटतो. लक्ष्मीबाईंना या धक्क्याने आजारपण आलं. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्या नातलगांकडे राहिल्या.

टिळकांचा हेतू प्रामाणिक होता. पण ज्या माणसाच्या आयुष्यावर आपल्या निर्णयाचा सर्वांत मोठा परिणाम होणार आहे, तिलाच अंधारात ठेवणं हे सौम्यतेचं लक्षण नव्हतं. हे सगळं आज आपल्याला तपशिलात माहीत आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ते स्वतः लिहून ठेवलं. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालं आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांमध्ये त्याची गणना होते. त्यात नवऱ्याचा तापट स्वभाव, लहरीपणा, विसराळूपणा, काहीच झाकलेलं नाही. आणि त्याचं प्रेमही झाकलेलं नाही.

पाच वर्षांची वाट

टिळकांनी पत्रव्यवहार सुरूच ठेवला. दुसरं लग्न केलं नाही, मुलाला हिसकावून नेलं नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, पण स्वतःच्या अटींवर. धर्म बदलणार नाही, सोवळं-ओवळं सोडणार नाही, स्वयंपाक आणि पाणी वेगळं.

टिळकांनी हे मान्य केलं. ज्या जातिभेदाविरुद्ध ते बाहेर तळमळीने बोलत होते, तोच जातिभेद त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोच्या चुलीपाशी पाळला जात होता. ख्रिस्ती धर्मोपदेशकाची बायको ख्रिस्ती माणसाच्या हातचं पाणी पीत नाही, यावर लोक बोलत असणारच. तरी त्यांनी तिच्यावर सक्ती केली नाही.

लक्ष्मीबाई बघत होत्या. नवऱ्याच्या घरी येणारी माणसं, त्यांचं वागणं, दुष्काळात सापडलेल्यांसाठी चाललेली धावपळ. मग एके दिवशी त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला. जात देवाने केली की माणसाने? विचार करता करता त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. धर्म बदलण्याच्या आधी त्यांनी जात सोडली, आणि तीही कोणाच्या सांगण्यावरून नाही.

१९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या आयुष्यभर ख्रिस्ती राहिल्या. टिळकांच्या निधनानंतर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनीच पुढे नेलं. निर्णय स्वतःचा होता, म्हणून तो टिकला.

आणि जे ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांचं काय?

संयमाची खरी परीक्षा इथे असते. समोरचा शेवटी 'हो' म्हणाला तर वाट पाहिल्याचं सार्थक झालं, असं कोणीही म्हणेल. पण तो कधीच 'हो' म्हणाला नाही तर?

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नगरमध्ये टिळकांच्या घरी राहिले होते. टिळकांनी त्यांच्या कवितेला जपलं आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखं सांभाळलं. 'स्मृतिचित्रे'मध्ये या 'ठोंबऱ्यां'विषयी प्रेमाने लिहिलेली पानंच्या पानं आहेत. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला तोवर हा स्नेह तसाच होता.

माया धर्मांतरावर अवलंबून नव्हती. सौम्यपणे धर्म सांगणं आणि गोड बोलून माणूस जाळ्यात ओढणं, यातला फरक ओळखायची हीच खूण आहे. नकार आल्यावर संबंध तुटला, तर ती मैत्री नव्हतीच.

अभंग, कीर्तन आणि ओवी

शिरूर कासारच्या आसपासच्या गावांत आजही हरिनाम सप्ताह बसला की गाव मांडवात असतं. कीर्तनकार उभा राहतो, मागे टाळकरी, मृदंग. एखादा अभंग घेऊन तासभर उकलून सांगायचा. या भागातल्या माणसाला धर्म कळतो तो असा, गाण्यातून आणि गोष्टीतून.

टिळकांना हे ठाऊक होतं, कारण ते त्यातच वाढले होते. परदेशी चालीवर मराठी शब्द बसवलेली गाणी लोकांच्या मनात उतरत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. म्हणून त्यांनी अभंग, ओव्या आणि पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी पाडून ठेवली होती. मराठी चर्चमध्ये आजही टिळकांची शंभराहून अधिक गीतं गायली जातात. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो, अशी भावना टिळक बोलून दाखवत. आपला नवा धर्म सांगण्यासाठी जुन्या परंपरेला शिव्या द्याव्या लागतात, असं त्यांना वाटत नव्हतं.

ही वाटही त्यांच्या आधी तीनशे वर्षांची होती. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले. १६१६ मध्ये रायतूर इथे त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. मराठी भाषेचं त्यात केलेलं कौतुक आजही मराठीप्रेमींच्या तोंडी असतं.

पण त्याच गोव्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली आणि १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालयाची दहशत सुरू झाली. अनेक कुटुंबं आपले देव घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली. धर्म सांगणाऱ्याच्या पाठीशी सत्तेचा दंडुका असेल तर ऐकणाऱ्याला मोकळेपणाने 'नाही' म्हणता येत नाही. मग सांगणारा कितीही गोड बोलो.

सौम्यता सुटली की काय होतं?

महाराष्ट्राच्या इतिहासातली दोन प्रकरणं यासाठी महत्त्वाची आहेत.

पहिलं, श्रीपत शेषाद्री प्रकरण. जालन्याच्या बेथेलचे संस्थापक नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायला अनेकांनी विरोध केला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि शुद्धीकरणासाठी झटले. त्याबद्दल त्यांनाही टीका सोसावी लागली. मोठ्यांच्या या ओढाताणीत हाल झाले ते एका लहान मुलाचे.

दुसरं प्रकरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढलं. उच्चवर्णीय विधवांना शिकवणारी ही संस्था पुढच्या वर्षी पुण्याला गेली. संस्थेत धर्मप्रचार करणार नाही, असं आश्वासन होतं आणि त्यावर विश्वास ठेवून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना करत तेव्हा दार बंद करत नसत. काही मुली त्यात येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी वीसहून अधिक मुली घरी नेल्या.

चूक कोणाची, यावर आजही दोन मतं आहेत. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावलं नाही, पण माझी श्रद्धा लपवणारही नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की जिचं छप्पर, जेवण आणि शिक्षण एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे, अशा मुलीची निवड मोकळी कशी मानायची? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही ताजा आहे.

दुष्काळाचंही तसंच. १८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत नगर भागात मिशनऱ्यांनी अनेकांना जगवलं. याच काळात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्याही वाढली. त्यातले किती जण श्रद्धेने आले आणि किती भाकरीसाठी, हे बाहेरून ठरवता येत नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांसाठी शाळा आणि सन्मान हाही धर्म बदलण्याचा खरा हेतू होता. त्याला 'आमिष' म्हणून सोडून देणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. पण मदतीला अट जोडली की मदत मदत राहत नाही, हेही तितकंच खरं.

ख्रिस्ती धर्मग्रंथ काय सांगतो?

ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा इतरांना सांगावी, ही अपेक्षा बायबलमध्ये स्पष्ट आहे. त्याला 'सुवार्ता सांगणं' किंवा 'साक्ष देणं' म्हणतात. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. पण ती कशी सांगावी, याबद्दलही तितकीच स्पष्ट बंधनं आहेत.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (अध्याय ३) सांगितलं आहे की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपलं जगणं असं हवं की समोरच्याने विचारावं, आणि मग उत्तर.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय २) देवाच्या सेवकाने भांडखोर असू नये, विरोध करणाऱ्यांशीही सौम्यपणे वागावं, असा उपदेश आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ४) येशूने सांगितलेला एक दाखला आहे. शेतकरी बी पेरतो, झोपतो, उठतो आणि बी आपोआप उगवत जातं. कसं, ते त्यालाही कळत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेरणी आपल्या हातात, उगवण नाही. रोज माती उकरून कोंब आला का बघणाऱ्याचं पीक येत नाही.

चर्चनेही हे पुढे लेखी मान्य केलं आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धार्मिक स्वातंत्र्यावरचा जाहीरनामा काढला. श्रद्धा स्वीकारणं ही मुक्त कृती असली पाहिजे, जबरदस्ती नको, असं त्यात म्हटलं. २०११ मध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्ष देण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. फसवणूक, दबाव, गरिबीचा आणि आजारपणाचा गैरफायदा यांना त्यांनी स्पष्ट नकार दिला.

भारतीय कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या कलम २५ नुसार प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की नाही, यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला आणि शेवटी शब्द ठेवला गेला.

तेव्हाच्या मध्य प्रदेशात विदर्भही होता आणि राजधानी नागपूर होती. तिथल्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने मिशनऱ्यांच्या कामावर कडक ताशेरे ओढले. ख्रिस्ती संघटनांनी तो एकतर्फी असल्याचं म्हटलं. पुढे ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, फसवणूक किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले.

हे कायदे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात न्यायालयाने ते वैध ठरवले. न्यायालयाने एक रेघ ओढली. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क नाही. दुसरीकडे, २०१८ च्या हादिया प्रकरणात न्यायालयाने सज्ञान व्यक्तीने कोणता धर्म मानायचा, हा तिचा स्वतःचा निर्णय असल्याचं सांगितलं.

थोडक्यात, सांगण्याचा हक्क सांगणाऱ्याचा आणि ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा.

आज अनेक राज्यांत या विषयावर स्वतंत्र कायदे आहेत. त्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतही असतात. त्यामुळे प्रत्यक्ष प्रसंगी आपल्या राज्यातला त्या वेळचा कायदा वकिलाकडून समजून घेणं गरजेचं. शिवाय मुद्दाम धार्मिक भावना दुखावल्यास भारतीय न्याय संहितेची कलमं २९९ आणि ३०२ लागू होऊ शकतात. हे सगळ्याच धर्मांच्या लोकांना लागू आहे.

एक मुद्दा अनेकदा सांगितलाच जात नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरताच आहे. अनुसूचित जातीतली व्यक्ती ख्रिस्ती झाली तर तो दर्जा आणि त्यासोबतच्या सवलती जातात. मुलांचं शिक्षण, नोकरी यावर त्याचा परिणाम होतो. प्रामाणिकपणे धर्म सांगणाऱ्याने हेही सांगायला हवं.

मग आज कसं सांगायचं?

टिळकांचा अनुभव, धर्मग्रंथ आणि कायदा एकत्र ठेवले तर काही साध्या गोष्टी हाती लागतात.

• आधी विचारा. समोरच्याला ऐकायचं आहे का? कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये घालून रोज वचनं पाठवणं ही साक्ष नाही. तो त्रास आहे.

• स्वतःचं सांगा. माझ्या आयुष्यात काय बदललं, हे सांगता येतं. तुझा देव खोटा, असं म्हटलं की संवाद तिथेच संपतो.

• मदतीला अट नको. दवाखान्याचं बिल, मुलांची फी, धान्य द्यायचं तर धर्म न विचारता द्या. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची गावात राहिलेली मुलं सांभाळणं हे पुण्याचं काम आहे. पण त्यांच्या अडचणीतून धर्माकडे वाट काढू नका.

• लहान मुलांना ओढू नका. पालकांच्या नकळत मुलाशी धर्मांतराचं बोलू नका. श्रीपतची गोष्ट आठवा.

• चमत्काराची हमी देऊ नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण औषध बंद करायला सांगू नका.

• घरच्यांपासून लपवायला लावू नका. टिळकांनी लपवलं आणि त्यांच्या बायकोने त्याची किंमत मोजली.

• 'नाही' ऐकून घ्या. आणि त्यानंतरही तितक्याच प्रेमाने भेटत राहा.

हा हिशेब एकतर्फी नाही. प्रार्थनेला जमलेल्या चार लोकांचा व्हिडिओ काढून, शहानिशा न करता 'धर्मांतराचा अड्डा' म्हणून तो पसरवणंही तितकंच चूक. प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. फसवणूक किंवा बळजबरी झाल्याची खात्री असेल तर पोलीस आहेत. जमावाने निवाडा करायचा नसतो.

शेवटचा दरबार

आयुष्याच्या शेवटी टिळक मिशनच्या चौकटीतूनही बाहेर पडले. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. फार लोक आले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं आणि दरबार तिथेच थांबला.

संख्येने मोजलं तर हे अपयशच. पण महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धेबद्दल आपुलकीने बोललं जातं तेव्हा नाव टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं निघतं. त्यांच्या कविता आणि 'स्मृतिचित्रे' वाचणारे बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, आणि त्यांनी व्हावं म्हणून ते कोणी त्यांच्या हातात ठेवलेलंही नाही.

आणि रेल्वेतला तो गृहस्थ? आपण दिलेल्या पुस्तकाचं पुढे काय झालं, हे कदाचित त्याला कधी कळलंही नसेल. त्याने जागा करून दिली, मनातलं सांगितलं, आणि पुढचं वाचणाऱ्यावर सोडलं.